निळ्या धुराची सुगी

ऊस सुरू झाला की माझं डोकं फिरायला लागतं. कालच संकेश्वरच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे अडकले. वर उसाचा ढीग, मागे दिव्याचा पत्ता नाही, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कानठळ्या बसवणारा स्पीकर. तो गाण्यात आणि मी धुरळ्यात. चिडून काच खाली केली, तर कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास आत आला. हा वास आला की त्याच्या मागोमाग मला दुसरा एक वास येतो. कुठे नसला तरी येतो. तापलेल्या लोखंडावर जळणाऱ्या इंजिन ऑइलचा.

सुगी म्हटलं की आमच्या हिंडलग्यात लोकांना भाताच्या मळण्या आठवतात, रताळ्यांची पोती आठवतात, पहाटेची थंडी आठवते. मला एका सुगीतला निळा धूर आठवतो. त्या वर्षीचं भात कसं पिकलं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा माझा प्रत्येक रविवार मच्छेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या बॉनेटसमोर गेला. मी शाळेत विज्ञान शिकवते. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, हौस तर त्याहून नाही.

हौस आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, सत्तरी ओलांडली आणि मग एके दिवशी त्यांच्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, बसवून घेतला. कारण काय, तर उसाच्या ट्रॉल्या! ‘तवंदी घाटात ट्रॉलीच्या मागं लागलो की हिच्या अंगात जीव उरत न्हाई गं,’ म्हणायचे. निपाणीला त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. तिच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी फेरी ठरलेली, आणि दर फेरीला घाटात कुणीतरी ट्रॉलीवाला यांचा अपमान करायचा. आई त्या वर्षी धारवाडला माझ्या धाकट्या भावाकडे, त्याच्या घरात तान्हं मूल म्हणून. तिचा धाक नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून यांनी मच्छेच्या मल्लाप्पा मिस्त्रीला गाठलं, भंगारातल्या एका गाडीचा टर्बो पैदा केला, आणि मला कळलं तेव्हा तो इंजिनाला बसूनसुद्धा झाला होता.

मल्लाप्पा स्वभावानं खुशालचेंडू. लेथवर त्याचा हात चांगला, पण आत्मविश्वास हाताच्या दुप्पट. त्याला काही विचारलं की उत्तर आधी, विचार मागून. ‘टीचर, टेन्शन बिडी, सोडा. गाडी विमान होतंय बघा आता.’ विमान झालं, ते खरंच. पण धूर सोडणारं.

दुखणं साधं होतं, असं आता म्हणायला सोपं आहे. इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली, तेल असतं त्या पोटात उतरतोच. तो कोंडून राहू नये म्हणून वर एक श्वासाचा पाइप दिलेला असतो. वायू त्यातून जाताना तेलाचे तुषारही बरोबर नेतो. साध्या गाडीत हे गुमान चालतं. टर्बो लावला की आतला दाब वाढतो, वायू जास्त निसटतो, आणि ते तेलकट वारं टर्बोच्या तोंडातून फिरून पुन्हा इंजिनात जळायला येतं. मग सायलेन्सरमधून निळा धूर. यावर उपाय म्हणजे पाइपाच्या वाटेत एक डबा बसवायचा. तेल डब्यात साठतं, वारं पुढे जातं. मल्लाप्पानं स्टीलच्या डब्याला दोन नळ्या वेल्ड केल्या, आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि तेलडबा तयार झाला. नवरात्रात तो गाडीला बसला. धूर निम्म्यावर आला. आप्पा इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून बॉनेट उघडून दाखवलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते हे काही सांगायला नको. अंगणात पाट मांडला. पाने, पक्कड, जॅक, माझी शाळेची कात्री, आईची विळी. आप्पांनी सकाळीच गाडी धुतली, इंजिनसुद्धा पुसून लख्ख केलं. आणि पाटावर बघते तर मधोमध तेलडबा! गाडीचा सोडवून आणून, धुऊन, कुंकवाची पाच बोटं ओढून, वर झेंडूचं फूल ठेवलेलं.

‘आप्पा, हा कशाला?’

‘नवीन आयुध हाय. त्याचा मान पयला.’

चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, आणि आप्पांनी दटावलं, ‘दसऱ्यापतूर पाटावरच्या कशाला हात लावायचा न्हाई.’ कुणी लावलाही नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली, त्यांनी डबा परत बसवला, आम्ही सोनं वाटून आलो. भात पिवळं झालं होतं, हवेत पेंढ्याचा वास होता, आणि मी मनात म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

कसले सुटतोय! दुसऱ्याच दिवशी गाडीखाली तेलाचं थारोळं. चार दिवसांनी कॅम्पातून येताना आप्पांनी अख्खा रस्ता निळा केला. मागचा मोटारसायकलवाला खोकत खोकत पुढे आला, गाडी आडवी घालून त्यानं वयाचा मुलाहिजा न ठेवता यांना ऐकवलं. आप्पा घरी येऊन जेवले नाहीत.

मग सुरू झाले मच्छेचे रविवार. रविवारी तिथले कारखाने बंद असतात, रस्ते मोकळे, गेटांवर झोपलेली कुत्री. उघडी असायची ती एकट्या मल्लाप्पाची शेड. आम्ही पोचलो की तो पहिल्यांदा तेलडब्याचं झाकण फिरवून आत बोट घालायचा आणि ते कोरडं बोट माझ्या नाकासमोर धरायचा. ‘बघा टीचर, एक थेंब न्हाई! डबा फस्टक्लास.’

‘मग खाली सांडतंय ते काय?’

‘ते दुसरं हाय.’

ते दुसरं शोधण्यात दिवाळी गेली. टर्बो खोलला. त्यात काही निघालं नाही. सील बदलली. जाड तेल घातलं. मल्लाप्पाला एकदा रिंगांचा संशय आला, तेव्हा इंजिन खाली उतरलं, वर चढलं. धूर होता तसाच. एक रविवार संपला की पुढच्या रविवारची नवी खात्री मल्लाप्पाकडे तयार असायची. माझ्या साड्यांना काळे डाग, नखांत काळं, वर्गात फळ्याकडे वळले की मागे मुलं कुजबुजायची. उसाचं पाचट जाळायला सुरुवात झाली तशी दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडायला लागली, आणि मला घरात, दारात, अंगावर, सगळीकडे जळकाच वास येऊ लागला. मी भयंकर वैतागले होते. आप्पांवर, मल्लाप्पावर, त्या व्हिडिओतल्या हसऱ्या माणसांवर, ज्यांच्या गाड्या एका दुपारीत नीट होतात.

खरं तर माझा राग नुसता धुरावर नव्हता. श्रावणात आप्पांनी आमच्याच गेटच्या खांबाला गाडी घासली होती. विचारलं तर म्हणाले, ‘खांब पुढं आलाय.’ मी हसले होते, पण मनात भीती बसली होती. त्यांच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची हा प्रश्न मला तेव्हापासून पडला होता आणि तोंड उघडायची हिंमत नव्हती. धुरानं मला निमित्त दिलं.

‘आप्पा, विकू या ही गाडी.’

‘आजारी हाय म्हणून विकायची? बरी झाल्यावर बघू.’

‘आणि बरीच झाली नाही तर?’

मग मीच अट घातली. संक्रांतीच्या आधी आत्याकडे निपाणीला जायचं आणि यायचं. गाडी तुम्ही चालवायची, मी मागून मल्लाप्पाच्या टेम्पोत बसून येणार. जाता-येता कुठेही, घाटातसुद्धा, धूर दिसला तर किल्ली माझ्याकडे. नाही दिसला तर गाडी तुमची, मी पुन्हा शब्द काढणार नाही. वर्गात पोरांना धमकी द्यावी तशी मी ती अट सुनावली. आप्पा म्हणाले, ‘ठरलं.’ मला वाटलं, जिंकले. ही गाडी संक्रांतीपर्यंत काय, पुढच्या दसऱ्यापर्यंत नीट व्हायची नाही याची मला खात्री होती.

पण माझाच स्वभाव मला नडला. चूक दिसली की मला चैन पडत नाही. एका रविवारी मल्लाप्पा परत तेच कोरडं बोट घेऊन आला आणि माझं टाळकं सटकलं. इंजिनाच्या पोटात वायू होतोय, तर तो जातोय कुठे? डबा कोरडा आहे ही आनंदाची गोष्टच नव्हे. जिथे तेल साठायला पाहिजे तिथेच ते येत नाही! पुढच्या खेपेला मी शाळेच्या प्रयोगशाळेतला रबरी हातमोजा पर्समध्ये टाकून नेला. तेल मोजायची पट्टी असते ती काढली आणि तिच्या नळीच्या तोंडाला तो मोजा रबरबँडनं घट्ट बांधला. ‘आता चालू कर.’

इंजिन चालू झालं आणि मोजा हळूहळू फुगून उभा राहिला. पाचही बोटं ताठ. मल्लाप्पाचं तोंड उघडंच. ‘अय्यो देवरे!’

म्हणजे आत वारं कोंडलेलं होतं, आणि तेच फटीफटींतून तेल बाहेर ढकलत होतं. श्वासाचा पाइप जिथे इंजिनातून निघतो तिथे एक वाकडी लोखंडी नळी आहे, टर्बोच्या पत्र्याखाली दडलेली. हात नीट पोचत नाही म्हणून ती कुणी सोडवलीच नव्हती. सगळे नवे पाइप तिच्या पुढेच जोडले जात होते. मल्लाप्पानं पत्रा काढला, नळी सोडवली, आत लांब नाकाची पक्कड घातली आणि ओढलं. काळाकुट्ट, तेलानं थबथबलेला कापडाचा बोळा बाहेर आला. ओढावा तितका लांबतच होता.

मल्लाप्पा मांडीवर थाप मारून हसायला लागला. मलाही हसू आलं. एवढ्या रविवारांची चीड त्या हसण्यातून वाहून चालली होती. आप्पा मात्र हसले नाहीत.

‘कुणी घातलंय हे?’ त्यांनी विचारलं. आवाज चढलेला. ‘कामात असली थट्टा करतोस व्हय रं?’

‘देवाशप्पत साहेब, मी कशाला घालू?’

‘मग कोन घालणार? तुझ्याबिगर हात कुणाचा लागलाय हिला?’

त्यांचा तो राग खरा होता. मल्लाप्पानं बोळा फरशीवर पसरला, आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. तो बनियनचा तुकडा होता. खांद्याच्या पट्टीला निळ्या दोऱ्याची शिवण. आप्पांचं जुनं बनियन, ते उसवलं तेव्हा मीच शिवलेलं, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून निळ्यानं. खंडेनवमीला डबा सोडवून पाटावर ठेवला, तेव्हा उघड्या नळीत पाणी जाऊ नये म्हणून आप्पांनीच ते आत खोल कोंबलं असणार. हत्यारं पाटावर निजलेली, दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला डबा बसवताना बोळा काढायचा राहून गेला. अशी चूक कुणाच्याही हातून होईल. पण माणसाला ती नंतर आठवते. कपाळावर हात मारून तो म्हणतो, ‘हात्तिच्या, मीच की!’

आप्पांनी वाकून ती शिवण अंगठ्यानं पुसून बघितली. परतताना, हिंडलग्याच्या तुरुंगाची भिंत लागली तेव्हा, गाडी चालवता चालवता म्हणाले, ‘डबा मीच पाटावर ठेवलतो. म्हंजे बोळाबी मीच घातलेला.’

‘आठवलं का?’ मी केवढ्या आशेनं विचारलं असेन!

‘न्हाई गं. आठवत काईच न्हाई. हिशोबानं सांगालोय.’

आता रविवारी फिरायला निघालो की ते विचारतात, ‘डब्यात तेल किती हाय गं?’ मी सांगते, दोन चमचे. गणेशपूरच्या पुढे परत विचारतात. मी सांगते. परतीला पुन्हा. तिसऱ्यांदा माझा आवाज चढतो, चढलेला मला ऐकू येतो, आणि मग दिवसभर माझा मलाच राग येत राहतो. वर्गात एकच गोष्ट दहादा सांगताना मी कधी चिडत नाही. इथे का चिडते कोण जाणे.

असो. तर बोळा निघाला, म्हणून दुखणं संपलं असं नव्हे. इंजिनाला श्वास आला, धूर तीन हिश्श्यांनी कमी झाला, उरलेला एक हिस्सा छळायला राहिलाच. टर्बोचा दाब उलटा पोटात जाऊ नये म्हणून एकाच बाजूनं उघडणारी छोटी झडप असते, ती स्वस्तातली बसवलेली. जोर आला की दोन्हीकडून उघडायची. ती बदलली. मग थंडी वाढली आणि डब्यात तेलाऐवजी पिवळट साय साठायला लागली. पाइप मधेच झोका खाऊन खाली आला होता, तिथे वाफेचं पाणी थांबायचं. तो उचलून बांधला. घासणी काजळीनं भरली होती, ती बदलली. प्रत्येक वेळी मल्लाप्पा म्हणायचा, ‘आयतु टीचर, झालं,’ आणि प्रत्येक वेळी झालेलं नसायचं. पण एक गोष्ट बदलली होती. आता आप्पा शेडमध्ये खुर्चीवर नुसते बसून असायचे. पाना मागितला तर देत, आणि दिलेला पाना परत हातात येईपर्यंत त्याच्यावरून नजर काढत नसत.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात निघालो. पुढे आप्पांची गाडी, मागे टेम्पोत मल्लाप्पा आणि मी, डोळे त्या सायलेन्सरवर लावून. महामार्गावर ट्रॉल्यांची रांग. आप्पांनी पहिली ओलांडली तेव्हा मल्लाप्पानं स्टिअरिंगवर थाप मारली. धूर नाही. दुसरी ओलांडली. धूर नाही. खरं सांगते, मी आत कुठेतरी धुराची वाट बघत होते.

संकेश्वरला सरळ जायचं, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. आप्पांची गाडी डावीकडे गडहिंग्लजच्या रस्त्याला लागली. मल्लाप्पानं माझ्याकडे बघितलं. आम्ही त्यांच्या मागे गेलो. थोड्या अंतरावर गाडी कडेला उभी होती, आणि आप्पा आत बसून समोर बघत होते.

‘काय झालं आप्पा?’

‘काय न्हाई. ट्रॉल्या चुकवायला वळलो. चल, फिरवतो.’

मी मान डोलावली. गडहिंग्लजच्या रस्त्यावर ट्रॉल्या नव्हत्या का? होत्या की. समोरूनच येत होत्या.

निपाणीला आत्याच्या घरात शिरल्याबरोबर मला शिंका सुरू. शेजारी तंबाखूची वखार, सगळ्या गल्लीला तो तिखट दर्प. आत्या संक्रांतीच्या आधीच तिळगूळ हातावर ठेवत हसत होती, ‘मास्तरीण, किती वर्सं आलीस तरी तुझं नाक काय निपाणीचं हुईना.’ आप्पाही हसले. बहिणीशी तासभर बोलले, जुन्या गोष्टी, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, बारीकसारीक तपशिलासह, एकही न चुकता. मी कोपऱ्यात शिंकत ऐकत होते आणि मला काही कळेनासं झालं होतं.

खरी परीक्षा परतीची, तवंदीचा चढ. आप्पांनी गाडी चढाला घातली, पुढे उसानं भरलेली ट्रॉली कण्हत होती. त्यांनी इंडिकेटर दिला, टर्बोची शीळ आम्हाला मागे ऐकू आली, आणि ती छोटी म्हातारी गाडी ट्रॉलीच्या बाजूनं सरसर वर निघून गेली. मागे स्वच्छ हवा. मल्लाप्पा ओरडला, ‘साहेब! हौदु, जमलं!’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण त्याच्यासारखं साधं नव्हतं.

वर आप्पांनी गाडी कडेला घेतली. मी उतरले, सायलेन्सरच्या तोंडात रुमाल फिरवला. कोरडा. बॉनेट उघडलं, डब्यात बरोबर साठायला हवं तेवढं तेल. मी म्हणाले, ‘आप्पा, पास झाली. गाडी तुमची.’

ते गाडीला वळसा घालून आले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

‘अट गाडीची होती,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला, नेहमीसारखा. ‘धूर नाही दिसला. तुम्ही जिंकलात. चालवा की तुम्हीच!’ ज्या हातातून ती काढून घ्यायला सबंध सुगी भांडले, त्याच हातात मी ती परत कोंबत होते.

त्यांनी मूठ उघडली नाही.

‘गाडी बरी झाली गं वैशे,’ आप्पा म्हणाले. ‘आता मला कुठं न्हेऊन दाखवायचं ते बघ.’

आणि डावीकडचं दार उघडून आत जाऊन बसले.